बल्लीवरच्या खुणा

माझ्या वहीवर भूगोलाचं नाव आहे,
आत जपानी आरमार.
चिचटोल्यात कुणाला सांगितलं नाही.
कुणी विचारलंच तर म्हणायचो, पेपर तपासतोय.

इथून समुद्र कुठल्याही बाजूने
एक रात्र आणि अर्धा दिवस.
मी तो एकदाच पाहिला, बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी,
दवाखान्याच्या गच्चीवरून,
तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा.
पण जहाजांची वजनं मला पाठ आहेत,
आणि त्या माणसांची चाल,
जे डेकवरून उतरले
ते थेट मंत्रिमंडळाच्या गालिच्यावर.

तीस वर्षं त्यांच्याच मागे आहे मी.
जहाजावर ते मोजून बोलत:
वारा इतका, खोली इतकी, कोळसा इतका.
खुर्चीवरही मोजत राहिले.
तेल किती महिन्यांचं, हे त्यांच्याकडे लिहिलेलं होतं.
सहा महिने झुंजू, फार तर वर्ष,
पुढचं विचारू नका,
असं खाजगीत सांगणारे होते त्यांच्यात.
मग बैठक.
लष्कराचा माणूस आवाज चढवायचा
आणि आरमाराचा माणूस
(हातमोजे नीट करीत, असं मी धरून चालतो)
म्हणायचा,
हा निर्णय आम्ही पंतप्रधानांवर सोपवतो.

या एका वाक्याभोवती मी
लाल पेन्सिलीने इतक्यांदा चौकट केलीय
की कागद फाटलाय.

उरकुडा मारबते आमच्या तलावाचा.
त्याचा डोंगा निघाला तर बगळा उडत नसे.
बांबूच्या बल्लीवर विळ्याने पाडलेल्या खुणा:
इथवर पाणी तर शिंगाडा,
इथवर तर निदान मरळ,
आणि सगळ्यात खाली एक खोल खाच,
तिच्याबद्दल तो बोलत नसे.
मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष झाला तेव्हा
मीच भाषण केलं.
पाणी कळणारा माणूस खुर्चीवर बसला की,
असं काहीतरी. टाळ्या पडल्या.

त्या माघात उन्हाळी धानासाठी
तुडूम पुन्हा उघडायचं चाललं होतं.
राइस मिलवाले, ट्रॅक्टरवाले, तालुक्याहून आलेले दोघं,
ग्रामपंचायतीत खुर्च्या पुरेनात.
उरकुडा नव्या सदऱ्यात.
सकाळीच तो बल्ली टाकून आला होता.
मी पाळीवरून पाहिलं होतं,
ओली बल्ली, आणि त्याचं बोट
खालच्या खाचेवर.
सरपंच म्हणाले, अध्यक्षसाहेब, तुमचं काय?
कुणीतरी पोहे वाढत होतं.
त्याने सदऱ्याची बटणं चाचपली, वरून खाली,
मग खालून वर.
"आता सब्बायचं जे मत, तेच माजं."
सचिव मीच होतो.
इतिवृत्तात लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

चैत्रात मासे वर आले, पांढऱ्या पोटांनी.
धानही निम्मं करपलं.
चाळीस घरांची जाळी खुंटीला,
आणि वास असा की शाळा सकाळची केली.

एका संध्याकाळी तो पायरीवर येऊन बसला.
"मले मालूम होतं जी, मास्तर."
म्हटलं, मलाही.
पुढे काय बोलायचं दोघांनाही येईना,
तेव्हा मी आत जाऊन वही आणली
आणि वाचून दाखवली. पहिल्यांदाच कुणाला तरी.
शेवटच्या पानापर्यंत:
सगळं बुडत आल्यावर त्यांनी
एका म्हाताऱ्या आरमारवाल्याला पंतप्रधान केलं,
कानांनी कमी ऐकणाऱ्या.

उरकुडा बराच वेळ विडी नुसती फिरवत राहिला.
मग म्हणाला,
"त्याले पोहता येत होतं का जी?"

तीस वर्षांत हे मी शोधलंच नव्हतं.

तो गेला. बल्ली भिंतीला राहिली,
विसरला की ठेवून गेला, विचारलं नाही.
खालच्या खाचेत गाळ वाळून बसलाय.
पेपर तपासता तपासता
मी नखाने उकरतो कधी कधी.