इतिवृत्तात न लिहिलेलं

पत्र इंग्रजीत होतं.
मी पंचायतीचा संगणक परिचालक,
म्हणून मलाच वाचायला लावलं,
मोबाइलात भाषांतर करून, अडखळत:
खापरझरीच्या शिळावर्तुळातून उचललेला
तांब्याचा एक अश्वमुखवटा
एकशे तेरा वर्षं आमच्या काचेत आहे.
आम्ही नेला नसता तर तो उरला नसता.
तरीही, परत करण्याबाबत
स्थानिक समाजाचं मत काय?

स्थानिक समाज सतरंजीवर बसला होता.
अर्ध्यांना घरकुलाच्या यादीचं विचारायचं होतं.

फोटो हातोहात फिरला.
पातळ पत्रा, हिरवा चढलेला,
डोळ्यांच्या जागी दोन भोकं.
कोणी म्हणालं, हे तं बैलाच्या मठाटीसारखं दिसते,
आणि तिथूनच ते आमचं झालं.

मग आवाज चढले.
"आपलं हाय तं आपल्या घरी पाहिजे."
"ठेवसान कुठं? शाळा गळते."
"नागपूरले ठेवू."
"तिथंही कुलूप, लंडनलेही कुलूप.
नागपूरच्या किल्लीवाल्याची बोली कळते, येवढाच फरक."
निकेश म्हणाला, तिकडे लाख लोक बघतात,
इथं बघणार कोण, गुराखी?
उद्धवजी मास्तर उठले:
चोरीची वस्तू चोराघरी शोभते
म्हणून ती चोराची होत नाही.
टाळ्या पडल्या. ठराव जवळपास झालाच.

दाराशी पैकाजी नेवारे,
काठीवर हनुवटी टेकलेली.
पन्नास वर्षं गावाची गुरं
त्याच गोट्यांत चारलेला माणूस.
"माह्या बापाच्या वक्ती तिथं एकेचाळीस गोटे होते.
आता बावीस हायेत.
बाकीचे कोनत्या इंग्रजानं नेले?"

पंखा फिरत राहिला.
पंचायतीची पायरी काळ्या दगडाची आहे,
एका अंगानं गोल.
मी ती रोज चढतो.
सरपंचबाईंच्या विहिरीचा काठ मी पाहिलाय.
मास्तरांचा तुळशीचा ओटा.
मारुतीच्या पाराला चार.

"अन् थो घोडा," पैकाजी म्हणाला,
"कोनं तरी मेलेल्या मानसासंग पुरला.
सोबत म्हनून.
मागाचंच असन तं त्या मानसानं मागाव.
आपन तं शेजारी हावो फक्त."

मी लिहिलं: विषय क्रमांक सहा.
मुखवटा परत मिळावा. सर्वानुमते मंजूर.
ते खोटं नाही. माझाही हात वर होता,
आजही वरच आहे.

घरी आलो.
न्हाणीपाशी आई धुणं आपटत होती
ज्या दगडावर, त्याच्या मधोमध खळगा,
चार पिढ्यांच्या बायांच्या हातांनी पडलेला.
विचारलं, हा कुठचा?
"सासूच्या वक्तापासून हाय.
रानात राह्यला असता तं
कोनं फोडून गिट्टी केली असती.
आपन सांभाळला म्हनून हाय."

हे वाक्य मी दुपारी वाचलं होतं.
इंग्रजीत.

रविवारी निकेश अन् मी
पहारीनं उपटून, बंडीत घालून तो नेला.
आईनं अडवलं नाही. बोललीही नाही.
तरोट्यात एकोणीस खाचा,
काही बुजलेल्या, काहींत वारूळ.
यातली याची कोणती?
पैकाजी काठी टेकत दोन फेऱ्या फिरला,
एका खाचेपाशी थांबला,
मग पुढच्या.
"नाई सांगता येत बावा," म्हणाला,
आणि गुरं वळवायला गेला.

तिकडून अजून उत्तर नाही.
आई प्लास्टिकच्या पाटीवर धुते, कुरकुरत.
दगड वर्तुळाच्या बाहेर, हातभर अंतरावर,
आम्ही उतरवला तिथंच पडून आहे,
साबणानं पांढरी झालेली बाजू वर करून.