समासातली ओळ

झाकणबंद डबा माझ्या हाती देताना
हौसाक्काने पदर नाकाला लावला
आणि स्वतःलाच हसली :
"माझंच हाय की गं, त्याची कसली लाज?"

बाजारभोगावच्या उतारावर तिचं घर.
नाचणीची आंबील, वरण्याची आमटी,
सत्तर वर्षांत अँटिबायोटिक एकदाच, विळा लागला तेव्हा.
आम्ही अशीच माणसं शोधत होतो.

संमतीपत्र दोनदा वाचून दाखवलं.
गोठवू, वाढवू, मागेल त्या प्रयोगशाळेला वाटा देऊ,
तुमचं नाव कुठेच नसेल.
"आणि ती काय देणार?
विरजण नेलं तर वाटी मोकळी परत करत न्हाईत."
अर्जात त्याला रकाना नव्हता.
समासात लिहून घेतलं,
अंगठा त्याच्याही खाली.

हवा लागली की मरतात ही.
म्हणून बंद पेटीच्या काळ्या हातमोज्यांत
कोपरापर्यंत हात घालून बसते मी,
दुसऱ्याच्या खिडकीतून
त्यांचं लेकरू न्हाऊ घालावं तशी.
बाहेर सागरमाळावर मोर ओरडतात.

तीनशे बारा कुप्या, उणे ऐंशीला.
गंगावेशीच्या तालमीतल्या पोराच्या पोटातले काही,
काही शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करणाऱ्या
बशीर मुल्लाणींचे.

हौसाक्काचा एक मात्र वाढेचना.
भिंगाखाली दिसायचा, बशीत नाही.
रक्त घालून पाहिलं, कोंडा उकळून पाहिला,
चाळीस दिवस.
मग एका शनिवारी घाईत
मुल्लाणींचा एक ठिपका तिच्याच बशीत पडला.
चूक माझी.
मंगळवारी त्या ठिपक्याला लागून
खसखशीएवढे दाणे.
बोटभर पलीकडे काही नाही.

तो याला काय देतो, अजून कळलेलं नाही.
वहीत लिहिलं : एकटा वाढत नाही. शेजार लागतो.
तेव्हापासून कुप्या जोडीनेच जातात,
पुण्याला, नैरोबीला.

काल नैरोबीहून खोकं आलं,
कोरडा बर्फ निम्मा उडालेला,
आत कुणाच्या तरी पोटातले सोळा.
जुनी फाईल काढली,
समासातल्या ओळीपुढे तारीख घातली
आणि फोन लावला.

"आलं? मग झालं,"
हौसाक्का म्हणाली. आणि थोड्या वेळाने,
"तिकडची लोकं सकाळी काय खात्यात गं?"

मला सांगता आलं नाही.