कोपऱ्यातलं बोट

साबणाच्या वडीएवढा माझा कॅमेरा
कोटाच्या डाव्या खिशात असतो,
किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या संगतीत.
सेलचं झाकण कधीच तुटलंय.
पोस्टमनच्या हातून फुटपाथवर पडलेलं लाल रबर
त्याला दोन वेढे घालून बसलंय.
बटण दाबलं की कासवासारखी मान बाहेर काढतो,
थंडीत तीही निम्मीच.
मग फुंकर घालायची.

मी काही फोटोग्राफर नव्हे.
ॲशिंग्टनच्या दवाखान्यात दिवसभर
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते
आणि सुटल्यावर दिसेल ते टिपते:
बसथांब्याच्या काचेवरचा ओलावा,
बंद खाणीच्या वाटेवरचं एकटं घोडं,
फिश-अँड-चिप्सच्या दारात
शहाण्या पोरासारखा रांगेत उभा सीगल.
आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत
वर डाव्या कोपऱ्यात
एक गुलाबी धुकं. माझं बोट.
मुलगी म्हणते, आई, फोनने काढ ना गं.

शेजारचा विल्फ मिलबर्न लीक पिकवतो.
लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा थोरला काका,
मनगटाहून जाड,
बाळंतघरातल्या पोरासारखा न्हाऊमाखू घातलेला.
सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन भरतं,
त्याआधी महिनाभर माणसं रात्री टॉर्च घेऊन
राखणीला बसतात.
मी म्हटलं, पीठ पेरून काय फक्कड होईल हो!
तर दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी कुंपणावरून:
फोटो काढशील?
पण बोट नको.

सतरा काढले. सोळांत बोट.
सतरावा स्वच्छ: लीक, मापाला काड्यापेटी, बस्स.
तो क्लबात लागला, तिसऱ्या बक्षिसाच्या कार्डाशेजारी.
बाकीचे सोळा मी पुसले नाहीत.
आळस. दुसरं काही नाही.

दोन हिवाळे गेले.
एडना आता मॉर्पेथच्या होममध्ये असते.
विल्फ दारात आला, टोपी हातात:
तिचा एखादा आहे का तुझ्याकडे?
लग्नातला दाखवला तर विचारते, ही कुणाची पोरगी.

होता. नववा.
लीकच्या मागे, दोरीपाशी, हात वर केलेली,
तोंडात चिमटा, निळ्या चादरीआड अर्धी.
औषधांच्या दुकानातल्या मशीनवर मोठा करायला गेले
तर चेहऱ्याच्या जागी
पाच-सहा चौकोन उरले, गुलाबी आणि करडे.
मला ओशाळल्यासारखं झालं.
विल्फने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला,
दुमडू नये म्हणून हात तिथेच ठेवून
बसमध्ये बसला.

एडनाने फोटो हातभर लांब धरला.
विल्फ दिसला नाही तिला, स्वतःही दिसली नाही.
म्हणाली,
कुणी वाळत घातली ही चादर?
मधोमध चिमटे लावतात का कधी?
वळ उठतात.
विल्फ म्हणाला,
नवी आहे बाई. शिकेल.
ती मान हलवत राहिली, हल्लीच्या बायकांची
काही खरं नाही अशी.
मग कोपऱ्यातल्या धुक्यावर नख टेकवून:
आणि हे काय?

मी, म्हटलं. माझं बोट आहे ते.

तिने माझा हात ओढला,
फोटोशेजारी धरून बोट ताडून पाहिलं,
जसं कापड घेताना रंग मिळतोय का बघतात,
आणि हात सोडायचा विसरली.
चहाची गाडी येऊन गेली.

परतताना थांब्यावर, पुसट उजेडात,
विल्फ पाठमोरा उभा होता,
मान खाली घालून वेळापत्रक वाचत,
जे त्याला तोंडपाठ आहे.
मी कॅमेरा काढला, आणि रबर तुटलं.
दोन्ही सेल घरंगळत रस्त्यावर.
एक गटाराच्या जाळीतून गेला.
दुसऱ्यासाठी विल्फ गुडघे टेकून
बाकाखाली हात घालून चाचपत राहिला,
बस आली तरी.

तो फोटो माझ्याकडे नाही.