हाडानं ऐकायचं

क्लबचा हिशेब माझ्याकडे असतो.
वही लाकूडकंपनीची, बंद पडली तेव्हा उचललेली:
पुढच्या पानांवर ओंडक्यांचे घनमीटर,
मागच्या कोऱ्या पानांवर आमचा ट्रक.

रेडिएटर: सोतकामोच्या एका बाईकडून.
पैसे घेतले नाहीत,
मुरंब्याच्या बरण्या तेवढ्या परत मागितल्या.
गिअरबॉक्सचं झाकण: इल्पोच्या घरून,
तेरा वर्षं सौनाच्या दाराला टेकू म्हणून लावलेलं.
डाव्या दाराची काच: अजून नाही.
सध्या प्लायवूड.

कॅलेंडर म्हणतं, मार्च म्हणजे वसंत.
कुह्मोच्या शेडमध्ये उणे अठरा.
पाना नुसत्या हातानं उचलला
तर मग पानाच हात सोडत नाही.
अठ्ठावन्न सालचा सिसू मधोमध उभा,
बॉनेटचं नाक पुढे काढून,
लग्नात कुणी मान दिला नाही अशा काकासारखा.

रात्रभर इंजिनाखाली शेगडी ठेवली होती.
काल तो पहिल्यांदा बोलला.
आधी ढेकर, मग निळा धूर, मग
आम्ही सगळे एकदम गप्प,
कारण आत कुणीतरी दार ठोठावत होतं.

टॅपेट, वेसा म्हणाला.
बेअरिंग, राइली म्हणाली.
ती बँकेत असते, वाईटातलं वाईट धरून चालते.
सात माणसं, नऊ निदानं.

ताइस्तोला कुणी विचारलं नाही.
पंच्याऐंशी वर्षांचा ताइस्तो
चाळीस हिवाळे याच जातीच्या ट्रकवर बसला,
सीमेलगतच्या रानातून ओंडके आणले.
ट्रकनं भाडं म्हणून त्याचे कान घेतले.
आता तो कॉफी करतो.
कानातलं यंत्र खिशात ठेवतो; म्हणतो,
त्यातून फक्त नातेवाईक ऐकू येतात.

त्यानं आमचे चेहरे पाहिले. उठला.
लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाच्या कुशीला टेकवलं,
मूठ दातांत धरायला गेला
आणि थांबला.
कवळी.
ती काढून कॉफीच्या कपात ठेवली.
कप माझा होता.

हिरड्यांत मूठ ठरेना.
कपाळाला लावून पाहिली, मग गालफडाला,
शेवटी कानामागच्या उंचवट्यावर.
डोळे मिटले.

हाडाचा मेकॅनिक, असं आपण सहज म्हणून जातो.
काल ते हाड मी पाहिलं.

पहिला सिलिंडर, दुसरा, तिसरा.
चौथ्यावर तो इतका वेळ थांबला
की वेसानं टोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसावं.
मग ताइस्तोनं पिह्लाला खुणेनं बोलावलं.
एकोणीस वर्षांची पोर, आमच्यात सर्वांत लहान,
तिचे केस बाजूला सारून मूठ टेकवली,
कानावर नव्हे, मागे.
काय? त्यानं तिच्या ओठांकडे बघत विचारलं.
ती म्हणाली, कुणीतरी चमच्यानं कप ढवळतंय.

बोळक्या तोंडानं तो असा हसला
की इल्पो घाबरून दोन पावलं मागे सरला.
पुशरॉड, वाकलाय.
बेअरिंग असतं तर कुणीतरी
जड बूट घालून जिना उतरला असता.
एवढं सगळं त्याला माहीत होतं
आणि आम्ही वर्षभर त्याला साखर किती ते विचारत होतो.

दोष सापडला. इंजिन बंद करायला हवं होतं.
पण ताइस्तो पुन्हा वाकला,
पाचवा, सहावा, मग उलट पहिल्यापर्यंत,
चांगल्या सिलिंडरांवर जास्त रेंगाळत.
डिझेल जळत होतं. मी खजिनदार.
किल्लीपाशी मीच उभी होते.

आज वही उघडली.
पुशरॉड, चौथा: सरळ केला, खर्च शून्य.
डिझेल: अकरा लिटर.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, चाचणी.
कपाचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.