हाताने बुडवलेला दिवस

मे महिन्याच्या मध्यावर
बोट्सफ्योरला दिवस उगवतो
आणि मावळायचं विसरून जातो
थेट जुलै संपत येईपर्यंत.

तिथे मासळीच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
तुरिड पाळ्यांचं वेळापत्रक बनवते.
एकशे बारा माणसं, सात रंग.
कॉडच्या पट्ट्यावरची निळी,
खेकड्यांच्या टाक्यांवरची नारिंगी.
रोमुआल्दासच्या बायकोला दिवस गेलेत, त्याला रात्रपाळी नको.
शिवनेसनच्या गुडघ्याला ओल सोसत नाही.
कोण कधी जेवेल, कोण कधी निजेल,
सगळं तिच्या ध्यानात.
तिचा स्वतःचा चौकोन तेवढा
कुठल्याच रंगात नाही.

कामावरून उठायचं कधी?
दिवस बुडाला की, असं तिचा बाप म्हणायचा.
पण तो दक्षिणेचा,
त्याच्याकडे दिवस बुडत असे.
इथे रात्री साडेअकराला
टेबलावर ऊन पसरलेलं असतं
आणि ऊन आहे तोवर काम आहे
असं हातांना वाटत राहतं.
कातरवेळ येतच नाही,
जिच्यापाशी माणसाने जरा थबकावं,
हातातलं खाली ठेवावं,
दिवा लावावा.

तिने उपाय केले नाहीत असं नाही.
वही आणली. मधोमध रेघ मारून
इकडे तातडीचं, तिकडे महत्त्वाचं.
मंगळवारपर्यंत सगळंच तातडीकडे सरकलं,
कलंडत्या होडीत माणसं सरकावीत तसं.
पंचवीस मिनिटांचा गजर आणला, अंड्याच्या आकाराचा.
तो सिंद्रेने पळवला.
आता तो त्यावर
श्वास रोखून धरायचा सराव करतो.

एका रात्री (रात्र म्हणायची आपली)
ऑफिसच्या काचेतून तिला दिसलं:
उतारावरच्या पिवळ्या घरात
ब्याऐंशी वर्षांची हाल्दिस
खिडकीशी आली, बाहेर बघितलं,
आणि भर उन्हात, नवाच्या ठोक्याला,
जाड काळा पडदा सर्रकन ओढला.
अख्ख्या गावात
एकाच घरी रात्र झाली.

दुकानात, दुधाच्या कपाटापाशी, तुरिडने विचारलंच.
"सूर्याला काय," हाल्दिस म्हणाली,
"त्याची घरी कुणी वाट बघत नाही.
चाळीस वर्षं मासे कापले मी.
पहिली वीस त्याच्या भरवशावर होते.
पोरं मोठी झाली, ते मला शेजारणीने सांगितलं."
आणि बटाटे निवडायला लागली,
जणू याहून जास्त बोलणं म्हणजे जादा पाळी.

गुरुवारी तुरिड सातला उठली.
शुक्रवारची रात्रपाळी लंगडी होती, तीन माणसं कमी.
जाकीट खुर्चीलाच राहिलं.
अर्ध्या रस्त्यात आठवलं, तरी मागे वळली नाही.
घरी होडीवरची ताडपत्री झटकून
स्वयंपाकघराच्या खिडकीवर खिळ्यांना अडकवली.
"कोण मेलंय?" सिंद्रेने विचारलं.
"कुणी नाही. दिवस बुडाला."
"आपोआप?"
"नाही. मी बुडवला."

मग मेणबत्ती. कालचंच सूप. पत्ते.
तो तीनदा जिंकला, त्यात दोनदा लबाडीने,
आणि तिला ती लबाडी दिसली,
कारण ती त्याच्याकडेच बघत होती.
खणातला फोन घुमत राहिला
लाकडात कोंडलेल्या भुंग्यासारखा.
दोनदा ती उठली.
एकदा उचललाही. लंगडी पाळी
कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभी राहिली.

ताडपत्रीला एक भोक होतं.
त्यातून उन्हाचा रुपयाएवढा ठिपका
कोटांच्या खुंट्यांवरून
हळूहळू भांड्यांकडे निघाला.
सिंद्रे म्हणाला, शिवू या का?
ती म्हणाली, राहू दे, त्यालाही कुठेतरी टेकू दे.

नोव्हेंबरात मात्र सूर्य दोन महिने येणारच नाही.
पडदा ओढून रात्र करता येते.
पहाट कशी करतात,
ते हाल्दिसला विचारायचं राहिलंय.