दहा हजार फुटांवर डाळ

अरोरातल्या स्वयंपाकघरात रात्रीचे साडेअकरा.
लॅपटॉप ओट्यावर, शेजारी साय धरलेला चहा,
आणि बाहेर या मोसमातला पहिला बर्फ, अजून न ठरलेला:
पडू की नको, पडू की नको.

सात माणसं, चार रात्री, एक घर.
मी तक्ता मांडलाय. तक्ते मला जमतात.
माणसं तेवढी जमत नाहीत, असं शर्वरीचं मत.

निखिलेश, मेव्हणा. बॉस्टनहून येणार स्वतःच्या स्कीज घेऊन.
त्याला सगळ्यात उभे उतार, सकाळची पहिली लिफ्ट,
आणि रात्री त्याचं वर्णन ऐकायला कुणीतरी.
मृण्मयीला पाचवा महिना. डॉक्टर म्हणाल्या,
आठ हजार फुटांच्या वर मुक्काम नको.
म्हणजे लेडव्हिल कटाप.
(बरंच झालं. तिथं दहा हजार फुटांवर पाणी लवकर उकळतं
आणि डाळ काही शिजत नाही.
दोन वर्षांपूर्वी साध्या पातेल्यात तीन तास ठेवली होती;
तूर तशीच, टणक,
लग्नात मानपान न झालेल्या माणसासारखी.)
तिचा नवरा डेझमंड टेनेसीचा. थंडी त्याला शिक्षा वाटते.
त्याला शेकोटी आणि फुटबॉल दिसेल एवढा टीव्ही.
ओवी आठ वर्षांची. तिची अट एकच:
घसरगाडी लाल हवी.

कुमुदआत्या सांगलीची. व्हिसा मार्चपर्यंत,
गुडघा त्याच्याही आधीच संपलेला.
तिच्या रकान्यात मी लिहिलं:
तळमजला. खिडकीजवळची खुर्ची. लोकर.
गरम पाण्याचे झरे, एक दुपार.
तिला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

म्हणून मग सलायडा.
सात हजार फूट, गावातच झरे, डोंगर अर्ध्या तासावर.
घराच्या मालकाला फोन करून पायऱ्या मोजायला लावल्या.
तीन, म्हणाला.
दहा मिनिटांनी त्याचाच फोन: सॉरी, चार.
अशा माणसावर विश्वास ठेवावा.

आत्या पाणी प्यायला आली, माझेच मोजे घालून.
चष्मा चढवला. स्वतःची ओळ मोठ्यानं वाचली,
हजेरीपटावर भलतंच नाव सापडल्यासारखी.
“खुर्ची?”
मी म्हटलं, गुडघा.
“गुडघा माझा आहे. मी बघते त्याचं.
अरे, एकाहत्तर वर्षांत मी बर्फ पाहिला
तो फक्त उसाच्या रसात.
चार नंबरचे बूट असतात का त्यांच्याकडं?”

असतात. बर्फावर बांधायचे ते रुंद, जाळीदार पायही असतात,
सपाट वाट असते, सोबत यायला एक बाई असते,
दोन तासांचे पैसे घेते.
मी खुर्ची खोडली. तक्त्यात खोडलेलं दिसत नाही,
नुसता चौकोन पांढरा होतो.

मग निखिलेशचा फोन. त्याच्याकडे दीड वाजलेला.
आधी विमानाचं बोलला, मग भाड्याच्या गाडीच्या टायरचं.
मग म्हणाला, त्या घरात एखादी खोली आहे का
जिथून डोंगर दिसत नाही?
स्कीज आणणारेस ना, मी विचारलं.
“आणेन की. आणायला काय.”
गेल्या फेब्रुवारीनंतर तो उतारावर गेलाच नव्हता
हे मला शर्वरीनं नंतर सांगितलं.
का, ते तिनंही सांगितलं नाही.
मागची खोली त्याला लावली. तिथून गॅरेज दिसतं.
त्याच्या ओळीतली पहिली लिफ्ट मात्र तशीच ठेवली,
माझ्याच्यानं तो चौकोन पांढरा करवेना.

पैसे भरले. परत मिळणार नाहीत, लाल अक्षरांत.
सामानाच्या यादीत शेवटी: कुकर, जादा गॅस्केट,
सलायडाला दोन शिट्ट्या जास्त.

दिवा घालवून निघालो तर पॅसेजमध्ये आत्या.
अंधारात, एक हात भिंतीला,
पाय जरा जास्तच उंच उचलून
गालिच्यावरून चालून बघत होती.