परतीची तारीख

एका अर्जात लिहिलंय, मी नक्की परत येईन.
दुसऱ्यात, मला तिथंच राहायचंय, कायमचं.
दोन्हींखाली सही माझीच,
त्याच निळ्या पेनानं,
जे सात रस्त्याच्या झेरॉक्सवाल्यानं
"राहू द्या ताई" म्हणत देऊन टाकलं.

पुण्याचा एजंट फोनवर समजावतो:
हे खोटं नाही मॅडम, हे टप्पे आहेत.
आधी तीन महिन्यांच्या पाहुण्या म्हणून जा,
परतीचं तिकीट दाखवा,
पण पैसे परत मिळतील असंच काढा.
आणि मोठ्या अर्जाचा निकाल लागताना
तुम्ही त्या देशाबाहेर असलेलं बरं.

म्हणजे गोवर्धनजवळ राहायची परवानगी
मी गोवर्धनजवळ नसतानाच येणार.

आप्पांना सांगितलं.
ते टॉवेलांच्या कडांचे धागे कातरत बसले होते.
म्हणाले, आपल्या धोट्याचं बरंय,
दिवसातनं हजारदा जातोय, येतोय,
कोण विचारत नाही त्याला, राहतोस कुठं म्हणून.
मग परत कात्री.

पुरावे मागितलेत, नातं खरं असल्याचे.
लग्नाचे फोटो आहेत. मे महिना, चव्वेचाळीस डिग्री,
बाशिंग नाकावर घसरलेलं,
एकूणएक फोटोत नवऱ्या मुलाचे डोळे मिटलेले.
जॉइंट खातं आहे, शिल्लक दोन हजार तीनशे अकरा.
आणि एकोणीस महिन्यांचं चॅट, बासष्ट पानं.
झेरॉक्सवाला मोजता मोजता वाचत होता.
त्याला हवं तसलं काही सापडलं नसावं.

पान नऊ: पाणी आलं का?
नाही.
पान दहा: आज पाचवा दिवस ना?
हो. टाकी खरवडली.
पान एकतीस: आलं?
आलं. झोप आता.

पर्थमधला माणूस रात्रीबेरात्री जागून
साखरपेठेतल्या नळाची चौकशी का करतो,
हे तिकडच्या साहेबाला कोण सांगणार?
भाषांतरकारानं पानामागे दीडशे घेतले,
प्रत्येक "आलं का"खाली शिक्का मारला.

समोरच्या कोडमकाकू गच्चीतून विचारतात, एप्पुडु?
कधी, एवढंच.
आई मध्येच उत्तर देते, गड्डा झाल्यावर.
जायची तारीख तिला गड्ड्यावरून मोजता येते.
यायची विचारत नाही.
बॅगेत मात्र तिनं शालू ठेवला, सगळ्यात खाली.
मी काढला. पाहुणी शालू घेऊन जाते का कुठं?
कुणी बॅग उघडली तर काय सांगू?
संध्याकाळी बघते तर शालू परत बॅगेत,
आता दोन स्वेटरांच्या मध्ये.
असं चार दिवस चाललंय.
आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललेलो नाही.

रात्री दोन चाळीस.
लॅपटॉपवर विमानाचं बुकिंग उघडं,
परतीच्या तारखेपुढे लाल चांदणी,
ती जागा रिकामी सोडता येत नाही.
अठरा एप्रिल टाकते. खोडते.
अकरा टाकते. एक आठवड्यानं
कुणाचं काय वाचणार आहे?

तेवढ्यात नळ खाकरतो.
आधी हवा, मग गढूळ, मग धार.
"आलं," मी लिहिते.
तिकडे पाच दहा झालेले. बेकरीतली रात्रपाळी संपवून
तो बसस्टॉपवर उभा असणार, हाताला मैदा.
लगेच उत्तर:
"भरून घे."

मी उठते.
पिंप, दोन घागरी, आईच्या न्हाणीतलं घंगाळ,
शेवटी कुकरसुद्धा.
ओल्या पायांनी परत आले
तोवर बुकिंग आपोआप बंद झालेलं.
परत उघडलं.